गळक्या बांधाच्या गावी

परवा घरी परतले तेव्हा आईनं दारातच विचारलं, "काय गो, किती रापलीस! शेतात कामाला गेली होतीस की काय?" मी चपला काढायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. चहा दोनदा गार झाला. शेवटी आई म्हणाली, "हे सगळं लिहून काढ बघू. शेजारणी विचारतात, तुझी लेक नक्की काय करते, आणि मला काही धड सांगता येत नाही."

तिचं खरं आहे. मी चिपळूणजवळच्या एका खेड्यातली. भूगर्भशास्त्र शिकले, सात वर्षं वर्तमानपत्रात बातमीदारी केली आणि गेल्या वर्षी माती-पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. हुद्दा आहे संवाद अधिकारी. जमिनीखाली पाण्याचं काय चाललंय हे तज्ज्ञांना ठाऊक असतं, जमिनीवर काय चाललंय हे गावाला ठाऊक असतं. या दोघांनी एकमेकांशी बोलावं म्हणून खटपट करणारी मी. पहिलं वर्ष कार्यालयात बसून पत्रकं लिहिण्यात गेलं. यंदा परतीचा पाऊस ओसरल्यावर पहिल्यांदा दौरा मिळाला: सातारा, आष्टा, सांगली आणि शेवटी जत तालुका. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

सातारा

साताऱ्याला मी सकाळी सातला पोचले. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर ढग बसलेला होता आणि त्यांच्या घराच्या फाटकापाशी निकमसर बॅग घेऊन तयार उभे होते. सर आमच्या संस्थेचे सल्लागार. वय सत्तरीच्या पुढं. एका सरकारी खात्यात बांधबंदिस्तीच्या कामावर त्यांची सगळी नोकरी गेली. आधी सायकलवर, मग जीपमधून. जीपच्या बॅटरीवर प्रोजेक्टर लावून ते देवळाच्या भिंतीवर चित्रं दाखवायचे.

"लोक चित्रं बघायला यायचे," सर म्हणाले. "गावात दुसरी करमणूकच नव्हती. मग चित्र बदलायच्या मधे मी दोन वाक्यं मातीबद्दल सरकवायचो. मला कुणी बोलायला शिकवलं नाही. बायका माझ्या बोलण्याला हसायला लागल्या की समजायचं, आपण काहीतरी अवघड बोललो."

मी हे वाक्य गाडी थांबवून वहीत लिहिलं. सर म्हणाले, "अशी दर वाक्याला थांबलीस तर आपण जतला दिवाळीत पोचू."

गाडी मीच चालवत होते. मागच्या सीटवर माझा जीव की प्राण असलेली वस्तू होती: काचेची पेटी. तिच्यात वाळू, मुरूम आणि खडीचे थर, मधे दोन नळ्या म्हणजे विहिरी. वरून निळं पाणी ओतलं की ते थरांतून झिरपत नळीत कसं चढतं ते दिसायचं. तीन महिने खपून मी ती बनवली होती. सरांना ती इतकी आवडली की कराडला चहा घेतल्यावर त्यांनी ती मांडीवरच घेतली. "मागं हिंदकळतेय," म्हणाले.

आष्ट्याच्या अलीकडं एक गतिरोधक लागला. त्याला पट्टे नव्हते, फलक नव्हता. गाडी उडाली, पेटी उडाली, आणि "अरेरे" असा सरांचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर सरांच्या पांढऱ्या धोतरावर माझे तिन्ही थर पसरलेले होते आणि काच दोन जागी तडकली होती. मी रडायच्या बेतात होते. सर मात्र मांडीवरचा मुरूम चिमटीत धरून म्हणाले, "मुरूम चांगला निवडला होतास."

आष्टा

आष्ट्याला आमचे यजमान होते सैन्यातून निवृत्त झालेले माने सुभेदार. दारात नांगराशेजारी गाडी, भिंतीवर गणवेशातला फोटो, आणि घरामागं नजर पोचेल तिथवर ऊस. त्याला लागून हळदीचं रान. हळदीची पानं हाताला घासली तर वास येतो हे मला माहीत नव्हतं. मी येताजाता घासत राहिले. जेवायला भाकरी, वांग्याचं भरीत, आमटी आणि वर तुपाची धार. घरी आम्ही भाताशिवाय जेवण मानत नाही. इथं भात शेवटी, चवीपुरता आला, आणि तोवर माझं पोट भरलं होतं. सुभेदारांच्या मंडळी म्हणाल्या, "आवं, भात कशाला मागं सारताय? तुमच्यासाठनंच टाकलाय त्यो. आमी आपला घासभर खातो."

जेवण झाल्यावर सुभेदार मला उसाच्या पलीकडं घेऊन गेले. तिथं एकदम मोकळी जमीन लागली. वर पांढरा थर. लांबून मला वाटलं, कुणी पीठ सांडलंय.

"मॅडम, फौजेत दुश्मन समोरनं यायचा," सुभेदार म्हणाले. "हितं खालनं येतो. पाणी दिलं, दिलं, लय दिलं. आता त्ये पाणी खालनं मीठ घिऊन वर येतंय. एकरभर रान गेलं माझं. काय उगवंल त्यात? काय बी न्हाई."

सरांच्या सल्ल्यानं त्यांनी दोन वर्षांपूर्वी जमिनीखाली भोकांचे पाइप पुरले होते. रानातलं जास्तीचं पाणी त्यातून गोळा होऊन ओढ्याला जायचं. मी पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरली आणि चव घेतली. खारट! समुद्राचं पाणी तोंडात गेल्यावर लागतं तसं. समुद्रापासून इतकी दूर, घाट चढून आलेली मी, आणि उसाच्या बांधावर उभी राहून खारं पाणी थुंकत होते. सुभेदार पोट धरून हसले. "कोकण आलं का न्हाई हितं?"

संध्याकाळी पारावर वीसेक शेतकरी जमले. काच फुटलेली, त्यामुळं नुसतंच बोलायचं होतं. मी पत्रकात लिहिते तसंच बोलले: पाणी जपून वापरा, ठिबक करा, जमीन वाचवा. लोक ऐकत होते, पण मळकट कागदाकडं बघावं तसे माझ्याकडं बघत होते. मग एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "बाई, तुमच्याकडं लय पाऊस पडतो म्हनं. तुमी कसं जपता?"

काय सांगणार? आमच्याकडं पावसात अंगणातून ओढे वाहतात, आणि मे महिन्यात आमची आई टँकरची वाट बघत दारात हंडे मांडते. दोन क्षण वाटलं, काहीतरी गुळगुळीत उत्तर द्यावं. मग म्हटलं जाऊ दे, आणि खरं तेच सांगितलं. "आम्ही जपत नाही. आमच्याही दारात टँकर येतो."

पारावर एकदम हालचाल झाली. म्हातारे पुढं सरकून बसले. "आं? कोकणात टँकर?" आणि त्यानंतर दीड तास गप्पा रंगल्या. कुणाचं रान कधी पांढरं झालं, कुणी किती पाणी सोडतो, कोण शेजारी आपल्या पाळीचं पाणी घेईल या भीतीनं सोडतो. परत येताना सर म्हणाले, "आज तुझी नोकरी सुरू झाली." मला इतका आनंद झाला की फुटलेली काच मी त्या दिवसापुरती विसरले.

सांगली

सांगलीत आमचं काम नव्हतं, फक्त मुक्काम. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळताना आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. पाणी गढूळ आणि भरून वाहत होतं. मी भडंगाचा पुडा आणला होता. कुरमुऱ्यांत लसूण आणि तिखट इतकं, की डोळ्यांतून पाणी आलं तरी हात थांबेना.

सर मात्र खात नव्हते. उद्या ज्या गावी जायचं त्याबद्दल मी उत्साहानं बडबडत होते. जत तालुक्यातलं कर्नाटकाच्या सीमेजवळचं गाव. सरपंच छायाताईंनी पत्र पाठवलं होतं: गावच्या जुन्या मातीच्या बांधात पाणी टिकत नाही, वरची वस्ती म्हणते तळाला शेततळ्यासारखा प्लॅस्टिकचा कागद घाला, ग्रामसभेत निर्णय व्हायचाय, त्याआधी कुणीतरी येऊन नीट समजावून सांगावं.

"तो बांध मी बांधलाय," सर म्हणाले.

मी भडंग खाली ठेवलं.

"तीसेक वर्षं झाली. सायकलीचे दिवस. वरच्या वस्तीनं उन्हाळाभर श्रमदान केलं. बायका टोपल्यांनी माती वाहत होत्या. मी त्यांना शब्द दिला होता, पावसानंतर बारा महिने पाणी राहील. पहिल्या पावसात बांध तुडुंब भरला. ढोल वाजवले लोकांनी. महिन्याभरात तळ उघडा पडला. खालच्या पाषाणाला भेगा होत्या, त्या मला दिसल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी तेच. मग माझी बदली झाली. मी मागितली होती बदली." ते नदीकडं वळले. "पुन्हा त्या गावात पाऊल टाकलं नाही. तुझ्या दौऱ्याच्या कागदावर नाव वाचलं आणि वाटलं, आता नाही गेलो तर राहूनच जाईल."

मी एवढंच म्हटलं, "सर, मग ते पाणी गेलं कुठं?"

ते माझ्याकडं बघायला लागले. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नसेल असं नाही. पण तो विचारायला गावात परत जावं लागलं असतं.

जत तालुका

सांगली मागं पडली तसा ऊस विरळ होत गेला, मग द्राक्षांच्या बागा आल्या, मग त्याही संपल्या आणि माळ सुरू झाला. मी असं मोकळं आभाळ कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं डोंगर आणि झाडं नजर अडवतात. इथं लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या, कोवळी ज्वारी गुडघ्याएवढी आली होती आणि रस्ता अडवून शे-दोनशे मेंढरं चालली होती. मी हॉर्न वाजवला नाही. गाडी बंद करून मेंढरं जाईपर्यंत बघत बसले.

गावात सगळ्यांना विचारून घ्यायचं राहिलं, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. रचना मात्र सांगते. ओढ्यावर आडवा मातीचा बांध. त्याच्या वरच्या अंगाला माळवस्ती, खालच्या अंगाला ओढावस्ती. दोन्हीकडं धनगरांची घरं, एकाच भावकीतली. माळवस्तीला उन्हाळ्यात टँकर, ओढावस्तीत तीन विहिरी आणि थोडी डाळिंबं.

छायाताई पस्तिशीच्या, बोलायला चटपटीत. त्यांनी आम्हाला थेट बांधावर नेलं. आठवड्यापूर्वीच्या पावसानं बांध अर्धा भरला होता. तिथं माळवस्तीचे तातोबा उभे होते. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, आवाज खणखणीत.

"बघून घ्या बाई," तातोबा मला म्हणाले. "म्हैनाभरानं हितं मेंढरू पाय बी भिजवनार न्हाई. आमच्या आयांनी डोक्यावनं माती वाहिली. आन त्यो सायेब? पळून गेला. हे कोन?" त्यांनी सरांकडं बोट केलं.

सर वाकून चपलेतला खडा काढायला लागले. "संस्थेचे," मीच म्हणाले.

आमचा मुक्काम ओढावस्तीत यल्लव्वा नावाच्या बाईंकडं होता. साठीच्या पुढच्या, काटक, कपाळाला भंडारा, बोलण्यात मधेच कानडी. "बर्री, बर्री," म्हणजे 'या, या' म्हणत त्यांनी घोंगडी टाकली. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाफाळतं हुलग्याचं माडगं. पहिला घोट घेतला आणि मी ओरडलेच, "अहो, हा तर आमचा कुळीथ!" आमच्याकडं कुळथाची पिठी आजारपणातसुद्धा भाताबरोबर जेवतात. इथं त्याच कडधान्याला हुलगा म्हणतात आणि पितात. यल्लव्वांना याचं भारी नवल वाटलं. त्यांनी आणखी एक वाटी ओतली.

मग त्या सरांकडं वळल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "तुमी सायकलीवालं सायेब न्हवं?"

सरांनी मान खाली घातली. "व्हय."

"तरीच. नाक त्येच हाय." यल्लव्वांनी चुलीत लाकूड सारलं. "केस तेवढं गेलं."

मी धीर करून सांगलीला विचारलेला प्रश्न त्यांना विचारला. बांधातलं पाणी कुठं जातं?

त्यांनी बाहेर कुणी नाही ना बघितलं. मग म्हणाल्या, "माझं लगीन झालं तवा ह्या हिरीला दिवाळीपतोर पानी असायचं. बांध झाला आन पानी होळीपतोर जायला लागलं. आता कवा कवा पाडव्यापतोर असतं. बांध भरला की आठ दिसांत हिरीत पानी चढतंय. मी मेंढरं राखनारी बाई. बघत आलेय."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं आसतं तर माळवस्ती वाटा मागाया आली आसती."

दोन दिवस मोटारी बंद

मला त्या रात्री झोप लागणं कठीण होतं, आणि पहाट झाली तशी मी सरांना गाठलं. यल्लव्वा म्हणतात ते खरं असलं तर तळाला कागद घातल्यावर ओढावस्तीच्या विहिरी आटणार होत्या. पण एका बाईच्या आठवणीवर ग्रामसभा कशी विश्वास ठेवील? मोजून दाखवायला हवं होतं, आणि सभेला दोनच दिवस उरले होते.

सरांचा चेहरा एकदम बदलला. तीस वर्षांपूर्वीचा सायकलीवरचा माणूस कसा दिसत असेल ते मला कळलं. त्यांनी काठीनं धुळीत आराखडाच काढला. "बांधात खुंटी रोवायची, तिला खुणा. खालच्या तीन विहिरींत दोर सोडायचे. आणि एक विहीर अशी हवी, जी बांधाखाली नाही. पलीकडच्या माळावर आहे एक. पावसामुळं सगळ्याच विहिरी चढत असल्या तर तीही चढेल. पण नुसत्या बांधाखालच्या चढल्या, तर?"

"तर सापडलं!" मी ओरडले.

"पण चारही विहिरींच्या मोटारी बंद हव्यात. उपसा चालू असला तर काही कळणार नाही."

ते काम यल्लव्वांचं होतं. विहिरींचे मालक त्यांचे दीर आणि पुतण्या. पुतण्याची डाळिंबं त्याच पाण्यावर होती. तो भडकला. "काकू, डोकं फिरलंय काय तुजं? आपल्याच पायावर धोंडा? एकदा त्येंला कळलं की सपलं!"

यल्लव्वा जात्यासमोर बसावं तशा मांडी घालून त्याच्या अंगणात बसल्या. "कागद घातला आन हिरी आटल्या, मग कुनाकडं जाशील रं रडत? आन दुसरं सांगू? उन्हाळ्यात तातोबाची म्हातारी आई टँकरमागं पळती. मला बघवत न्हाई. तीस वरीस बघितलं, बास झालं."

दुपारी मोटारींचा आवाज बंद झाला.

काय ते दोन दिवस होते! सकाळ, दुपार, संध्याकाळ आम्ही चार विहिरी आणि एक बांध असे फिरत होतो. यल्लव्वांनी लोकरीच्या दोराला वीतवीतभर अंतरावर गाठी मारल्या आणि टोकाला दगड बांधला. मी वहीत लिहीत होते, आणि त्या गाठीजवळ रंगीत चिंध्या बांधत होत्या, कारण माझं लिहिलेलं त्यांना वाचता येत नव्हतं आणि माझ्यावर पूर्ण विसंबायची त्यांची तयारी नव्हती. बरोबरच होतं ते. पहिल्याच फेरीत मी एका विहिरीचं माप दुसरीच्या रकान्यात लिहिलं, आणि त्यांच्या चिंध्यांनीच चूक पकडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची मापं घेतली. बांधातलं पाणी चार बोटं उतरलं होतं. बांधाखालच्या तिन्ही विहिरी चढल्या होत्या. मधली तर दीड पायरी. पलीकडच्या माळावरची विहीर चढली नव्हतीच, उलट बोटभर उतरली होती. सर मधल्या विहिरीच्या काठावर खाली बसले. ओली झालेली पायरी त्यांनी तळहातानं चाचपली. पुन्हा चाचपली.

"इथं आलंय," ते म्हणाले. "सगळं इथं आलंय."

मी आनंदानं यल्लव्वांना मिठीच मारली. "सोड गं," त्या म्हणाल्या, "हिरीत पडशील."

ग्रामसभा

सभा सकाळी दहाला शाळेच्या पडवीत भरली. डावीकडं माळवस्ती, उजवीकडं ओढावस्ती. फुटक्या पेटीऐवजी मी पंचायतीतला पाण्याचा रिकामा जार मागून घेतला होता. त्याचा वरचा भाग कापला, आत खडी, मुरूम आणि माती भरली आणि पेनची नळी उभी करून विहीर केली. चहाच्या किटलीतून हळदीचं पाणी ओतायला घेतलं, तोच तातोबा उभे राहिले.

"बाई, जारातलं ऱ्हाऊ द्या. बांधाचं बोला. आन त्यो सायेब कुठं हाय ते सांगा, ज्यानं आमाला शब्द दिला हुता."

माझ्या हातात किटली तशीच राहिली. माझ्या शेजारून निकमसर उठले. पुढं जाऊन माळवस्तीच्या बाजूला तोंड करून उभे राहिले.

"तो मी," ते म्हणाले. "निकम. तुमच्या आयांनी माती वाहिली ती माझ्या शब्दावर. जागा मी निवडली. खालचा दगड फुटका आहे हे मला कळलं नाही, ही पहिली चूक. कळल्यावर तुमच्यासमोर येऊन सांगितलं नाही, ही दुसरी. पहिली चूक कुणाचीही होते. दुसरी माझीच."

तातोबांचा आवाज एकदम खाली आला. "माझी आय तवा पोटुशी हुती. तरी टोपली उचलली तिनं."

"आठवतं मला," सर म्हणाले. "मी त्यांना थांबवायला हवं होतं."

मग यल्लव्वा उठल्या. गाठींचा दोर त्यांनी पडवीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ताणला आणि एकेक चिंधी दाखवत सगळं सांगितलं. लाल चिंधी पहिल्या दिवसाची, पिवळी दुसऱ्या दिवसाची. कोणती विहीर चढली, कोणती उतरली. माझ्या जाराकडं कुणी बघितलंही नाही, आणि त्याचं मला तेव्हा काडीइतकंही वाईट वाटलं नाही. दोर बोलत होता. मागच्या बायका उठून जवळ आल्या, चिंध्यांना हात लावून बघायला लागल्या.

"म्हंजी," तातोबा सावकाश म्हणाले, "आमच्या आया राबल्या त्या तुमच्या हिरीसाठनं?"

"व्हय," यल्लव्वा म्हणाल्या. "आन मला ठावं हुतं. बोलले न्हाई. सायबानं तोंड लपवलं तसं मी बी लपवलं."

मग जो आरडाओरडा झाला तो मला नीट लिहिता येणार नाही. अर्धा मराठीत, अर्धा कानडीत. पुतण्या ओरडत होता, माळवस्तीची पोरंथोरं ओरडत होती. छायाताईंनी टेबलावर हात आपटून आपटून शेवटी सगळ्यांना खाली बसवलं आणि एकच विचारलं: "कागद घालायचा का? घातला तर तीन हिरी जातील. न्हाई घातला तर माळवस्तीला पानी कसं मिळंल, ते आत्ता सांगा. सांगितल्याबिगर कुनी उठायचं न्हाई."

मी बोलायला तोंड उघडलं. सरांनी मनगट दाबून मला गप्प केलं. आणि बरं झालं. तोड त्यांच्यातूनच निघाली. यल्लव्वांचा तोच भडकलेला पुतण्या म्हणाला, "मधली हीर वर द्या. माझी मोटार हाय, पाइप गावानं टाकावा. सकाळचं पैलं पानी माळवस्तीच्या टाकीत. मेंढरांच्या हौदात बी. मग आमचं." बोलून झाल्यावर त्यालाच आपलं नवल वाटल्यासारखं तो खाली बसला.

छायाताईंनी हात वर करायला सांगितले. ओढावस्तीचे जवळजवळ सगळे वर झाले. माळवस्तीचे निम्मे. सगळे तातोबांकडं बघत होते.

"पैलं पानी म्हंजी पैलंच," तातोबा म्हणाले. "आन हीर उतरली, तर तुमी मोटार जास्ती चालवली का बांध कमी पाझरला, हे ठरवनार कोन? तुमी म्हनाल एक, आमी म्हनू दुसरं. मोजनार कोन?"

"मी मोजतो," सर म्हणाले.

"तुमी साताऱ्याला जानार."

"जात नाही. पाइप पडून पहिलं पाणी वर चढेपर्यंत इथंच राहतो. रोज तुमच्यासमोर मोजतो. तुम्हाला खोटं वाटलं तर तुम्ही मोजा."

तातोबांनी मुंडासं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं. मग हात वर केला. पूर्ण नाही, खांद्यापर्यंत. छायाताईंनी तो मोजला.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच निघाले. यल्लव्वांनी हुलग्याच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं, "तुज्या आयला म्हनावं, पिऊन बघ. भातात घालू नको." मी मान हलवली. सर मला निरोप द्यायला वस्तीवर नव्हतेच. अंगणात त्यांची बॅग होती, धोतर दोरीवर वाळत होतं.

बांधावरून गाडी नेली तेव्हा दोघे दिसले. गुडघाभर पाण्यात, खुंटीवर वाकलेले, निकमसर आणि तातोबा.

"परवापासून आणखी चार बोटं उतरलंय," सर म्हणत होते.

"कुनाची चार बोटं?" तातोबांनी आपला पंजा खुंटीला लावला. "तुमची बोटं सरकारी हायेत. बारीक. माझी लावा. तीनच हुत्यात."

"मग पहिल्या दिवशी कुणाची लावली होती?"

"त्येच इचारतोय मी!"

मी खिडकीतून हात बाहेर काढून हाक मारली. दोनदा मारली. दोघांपैकी एकानंही वर बघितलं नाही.